सिनेमातल्या आजीचा आवाज

आमच्या यालोश गावात कोंबडे वेळेवर आरवतात, पण त्यांच्या आरवण्याने कोणी उठत नाही. कर्ण्यातून प्लासिदामावशी खाकरली की मग चुली पेटतात.

गावकचेरीच्या छपरावर उंच खांब आहे आणि त्याला तीन दिशांना तोंड करून कर्णे बांधलेले आहेत. एक वरच्या आळीकडे, एक खालच्या आळीकडे आणि एक ओढ्यापलीकडच्या शेतांकडे. खाली खोलीत माइक, आणि माइकपुढे खुर्चीवर पाय दुमडून बसलेली प्लासिदा येस्कास. गावसभेने तिला एका वर्षासाठी या कामावर नेमलं होतं. गावची सेवा म्हणून प्रत्येकाला काही ना काही करावंच लागतं. कोणी चर्चची घंटा वाजवतं, कोणी पाण्याचा पाइप सांभाळतं. तिचं वर्ष संपलं तेव्हा दुसऱ्या कोणाला नेमायचं कोणाला सुचलंच नाही. ती तिथे बसली ती बसलीच.

"वुल्फ्रानोने डुक्कर कापलंय," ती आमच्या डोंगरातल्या सापोतेक बोलीत सांगायची. "चरबी हवी असेल त्यांनी लवकर जावं. उशिरा जाणाऱ्यांना हाडं मिळतील, मग माझ्याकडे रडत येऊ नये." किंवा, "चर्चच्या अंगणातली फुलं कोणाच्या तरी गाढवाने खाल्लीत. गाढव बांधून ठेवलंय. मालकाने येऊन घेऊन जावं. गाढवाला लाज वाटतेय, मालकाला वाटते का बघू."

प्लासिदा म्हणजे शांत. बाप्तिस्म्याच्या वेळी ती झोपली असणार, नाहीतर पाद्रीबाबांनी हे नाव ठेवलं नसतं.

मी तिचा शेजारी, तौरिनो. गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो आणि उरलेल्या वेळात कॉफीची झाडं बघतो. आमच्या दोघांच्या अंगणात एक कुंपण आहे, पण तिच्या आवाजाला ते कधी आडवं आलं नाही. तिचा नवरा तरुणपणीच वारला. मग तिने परसात मातीची भट्टी बांधली आणि पाव भाजून मुलं वाढवली. भट्टीत लाकडं सारताना, पीठ मळताना, पाव टोपलीत भरताना ती सतत बोलत असायची. समोर कोणी नसेल तर पिठाशी बोलायची. "फुग की रे बाबा, कोणाची वाट बघतोस?" असं ती पिठाला म्हणताना मी कितीदा ऐकलंय.

गावातल्या एकाच माणसाशी ती बोलत नसे. ती तिची सख्खी मोठी बहीण.

बहिणीचं नाव एमेरेन्सियाना, पण एवढं नाव घ्यायला वेळ कोणाला आहे, म्हणून सगळे मेन्चाताई म्हणतात. मेन्चाताई म्हणजे मावशीची दुसरी बाजू. कमी बोलणारी, हळू चालणारी. त्यांची आई तोमासा मावशीकडे राहायची. एका सकाळी आई गेली. मेन्चाताई तेव्हा ओढ्यापलीकडे मक्याच्या शेतात खुरपत होती. मावशी धावत गावकचेरीत गेली आणि तिने कर्ण्यावरून सांगितलं, "माझी आई तोमासा आता आपल्यात नाही. ज्यांना यायचंय त्यांनी यावं."

मेन्चाताई आली तेव्हा मी तिथेच होतो. तिच्या हातात खुरपं तसंच होतं. ती आईजवळ बसली, आईचे पाय तिने शालीने पुसले, आणि बहिणीकडे न बघता म्हणाली, "आई गेली हे मला खांबाने सांगितलं."

त्यानंतर ती बहिणीशी बोलली नाही. मावशीनेही हट्ट धरला. मृतांचे दिवस आले की गावात प्रत्येक घरी गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात, झेंडू, मेणबत्त्या, धूप आणि त्यांच्या आवडीचं जेवण. आईसाठी दोन वेद्या मांडल्या जाऊ लागल्या. मावशीकडे चेहरा कोरलेला गोड पाव आणि पिवळ्या रश्शातली कोंबडी, मेन्चाताईकडे घेवडा आणि मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडलेले तामाल. आई नेमकी कोणाकडे येते यावर दोघींचं युद्ध चालायचं, तेही शेजाऱ्यांच्या तोंडून.

"तिच्या दाराला केवढ्या उंच पायऱ्या," मेन्चाताई माझ्या बायकोला सांगायची. "आईचे गुडघे दुखायचे. ती कशाला चढतेय."

"मेल्यावर गुडघे दुखत नाहीत म्हणावं," मावशी कुंपणावरून निरोप द्यायची.

अशी बरीच वर्षं गेली.

मग इदालिया आली. इदालिया आमच्याच गावची, लहानपणापासून भिंतींवर कोळशाने चित्रं काढायची. पुढे राजधानीत शिकली आणि तिथे चित्रांचे सिनेमे बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. गावसभेत उभी राहून तिने सांगितलं की त्यांनी एक सिनेमा केलाय, आणि त्यातली गोष्ट आपल्याकडचीच आहे.

मेणबत्त्या बनवणाऱ्या एका घरात मुलगी जन्मते. पूर्वी आपल्याकडे करायचे तसं घराभोवती राख पसरतात. राखेत सकाळी ज्या जनावराचं पाऊल उमटेल ते त्या बाळाचं जोडीदार जनावर. माणसाचा आणि त्याचा जीव एकच. जनावर लंगडलं की माणूस लंगडतो. या मुलीच्या वेळी वारा सुटतो, राख उडून जाते, आणि तिचं जनावर कोणतं ते कोणालाच कळत नाही. मुलगी मोठी होते. एक दिवस तिची आजी अंथरूण धरते, म्हणजे आजीचं जनावर डोंगरात कुठेतरी जखमी असणार. मुलगी ते शोधायला निघते, आणि डोंगराच्या पोटात जनावरं राखणाऱ्या डोंगराच्या मालकापर्यंत जाते.

"सिनेमा स्पॅनिशमध्ये आहे," इदालिया म्हणाली. "मला तो आपल्या बोलीत करायचाय. कंपनीने परवानगी दिलीय. आवाज तुम्ही द्यायचे."

वुल्फ्रानो खाटीक मागे भिंतीला टेकून उभा होता. "चित्रं आधीच बोलतात ना?"

"बोलतात, पण स्पॅनिश बोलतात."

"मग शिकव त्यांना. आम्ही कशाला?"

"गप रे," मावशी पुढच्या बाकावरून म्हणाली. "डुकराला आवाज द्यायला तुलाच बोलावतील."

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच काम ठरलं.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या परसात भट्टीजवळ लोक जमले. खरं तर कोणाला कोणता आवाज द्यायचा ते इदालिया ठरवणार होती. पण मावशी असताना दुसऱ्याने काही ठरवायचं म्हणजे वाहत्या ओढ्याला वळसा घाल म्हणण्यासारखं होतं. इदालियानेही ते ओळखलं आणि ती हसत बाजूला बसली. वुल्फ्रानोचा आवाज घागरीत बोलल्यासारखा, म्हणून तो डोंगराचा मालक झाला. मुलीचा आवाज माझ्या मुलीला, आरासेलीला मिळाला. सिनेमात एक लबाड कोल्हा होता.

"कोल्हा तौरिनो," मावशी म्हणाली.

"मीच का?"

"काम दिसलं की कसा पळतोस, बघ ना."

"आणि आजी?" इदालियाने विचारलं.

"आजी मी," मावशी म्हणाली. "त्यात विचारायचं काय?"

आवाज भरायला शांत जागा हवी होती. मावशीच्या घरामागे मक्याची खोली आहे. भिंतींना लागून छतापर्यंत कणसं रचलेली. इदालियाने आत जाऊन टाळी वाजवली आणि ती खूश झाली. कणसं आवाज गिळतात, घुमू देत नाहीत, असं ती म्हणाली. दाराला घोंगड्या लावल्या. मावशीने कर्ण्यावरून गावाला हुकूम सोडला, "आज दुपारी सगळ्यांनी आपापले कोंबडे टोपलीखाली झाकावेत. गाढवांना पोटभर चारा घालावा. भुकेलं गाढव बोलतं."

काम सुरू झालं. मी कोल्हा झालो. वुल्फ्रानो माइकसमोर आला की त्याला घाम फुटायचा आणि घागरीतला आवाज मांजरीच्या पिलासारखा व्हायचा. मावशी त्याला म्हणायची, "अरे, समोर गिऱ्हाईक उभं आहे आणि मागच्या मटणाला वास येत होता असं म्हणतंय, असं समज." मग तो असा गरजायचा की घोंगड्या हलायच्या. माझ्या आरासेलीला रडता येत नव्हतं. मावशीने तिला रागावून नाही, गुदगुल्या करून दमवलं, आणि मग शांतपणे तिच्या मेलेल्या कुत्र्याची आठवण काढली. पोरगी हुंदके देऊ लागली. मला मावशीचा राग आला होता. पण नंतर पोरगी तिच्याच मांडीवर झोपली.

ती सगळ्यांना असं घडवत होती. पहाटे पाव, मग कर्णा, मग दुपारभर ती मक्याची खोली. मी तिला एकदाही थकलेलं पाहिलं नाही.

पहिला भाग जुळल्यावर इदालियाने तो अंगणात भिंतीवर दाखवला. आजूबाजूची मुलंबाळं, बायका जमल्या. चित्रं फार सुंदर होती. आमचेच डोंगर, आमचेच ढग, दऱ्यांतून वर येणारे. कोल्हा आला तेव्हा लोक मला कोपराने ढोसू लागले. मग आजीचा प्रसंग आला. खोलीत अंधूक उजेड, मेणबत्त्यांच्या वाती टांगलेल्या, चटईवर आजी पडलेली. ती डोळे उघडते आणि नातीला म्हणते, "बाळा, जवळ ये."

पुढे बसलेल्या एका पोराने आईला विचारलं, "आज डुक्कर कापलंय?"

अंगण हसून हसून लोळलं. पोराची काही चूक नव्हती. तो आवाज आम्ही इतकी वर्षं खांबावरूनच ऐकत होतो. आजी बोलायला लागली की वाटायचं, आता गाढवाचं काहीतरी सांगणार. मावशीसुद्धा हसली. पण हसून झाल्यावर ती आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या सकाळी पाव करपल्याचा वास कुंपणावरून आला. मी बघायला गेलो. ती भट्टीपुढे ओट्यावर बसली होती.

"तौरिनो, खरं सांग. मी आजी वाटते का?"

मी म्हटलं, "मावशी, तू गावकचेरी वाटतेस."

तिने मान हलवली. काळा झालेला एक पाव हातात घेऊन ती त्याचा पापुद्रा सोलत राहिली. "मी हळू बोलून पाहिलं," ती म्हणाली. "काल सगळे गेल्यावर त्या मक्यासमोर बसून आजीची वाक्यं म्हटली. आईसारखी म्हणायला गेले. येत नाही. आईचा आवाज माझ्याकडे आलाच नाही."

"मग कोणाकडे आलाय?" मी विचारलं, पण मला ठाऊक होतं.

"तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आई शब्द संपवताना आवाज असा खाली ठेवायची, भरलेलं भांडं जमिनीवर ठेवावं तसा. मेन्चा तसंच बोलते." मग ती उठली, हात झटकले. "चल माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"तिने दार लावून घेतलं तर परत येताना बोलायला कोणी नको?"

मेन्चाताईचं घर खालच्या आळीच्या टोकाला. ती अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. आम्ही कुंपणाशी थांबलो. तिने एकदा वर पाहिलं आणि परत शेंगांकडे.

"ये तौरिनो," ती म्हणाली. "कर्णा बिघडला का रे? मला तर सगळं तिथूनच कळतं."

"ताई," मावशी म्हणाली.

"तिला म्हणावं ओरडू नकोस. मी बहिरी नाही."

मावशी खरं तर ओरडली नव्हती. तिने घसा साफ केला आणि आणखी हळू बोलायचा प्रयत्न केला. ते इतकं अवघड जात होतं की तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. "त्या दिवशी मी आधी तुझ्याकडेच निघाले होते, ताई. ओढ्यापर्यंत आले. तू वाकून खुरपत होतीस आणि काहीतरी गुणगुणत होतीस. मला वाटलं, ही गुणगुणतेय तोवर आई आहे. मी सांगितलं की ती गेलीच. मला पुढे येववेना. मागे फिरले आणि कचेरीत गेले. माइकपुढे समोरच्याचं तोंड दिसत नाही गं."

मेन्चाताईने शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. दुसरी घेतली, पण ती तशीच हातात राहिली.

"जाताना काही बोलली?" तिने विचारलं. या वेळी माझ्याकडे बघून नाही.

"पाणी मागितलं. मग म्हणाली, मेन्चाने कोंबड्या आत घेतल्यात का विचार."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस."

"तू दार उघडलं असतंस तर आधी सांगितलं असतं."

"तू वाजवलं असतंस तर उघडलं असतं."

मावशी तिथेच जमिनीवर बसली, टोपलीतली एक शेंग उचलली आणि सोलायला लागली. मेन्चाताईने तिला अडवलं नाही. दोघी सोलत राहिल्या. मी उभा. बऱ्याच वेळाने मावशीने सिनेमाची गोष्ट काढली, आजीचा प्रसंग सांगितला, पोराने डुकराचं कसं विचारलं तेही सांगितलं. मेन्चाताईच्या ओठांची कड जराशी हलली.

"ते सिनेमाबिनेमा मला जमणार नाही," ती म्हणाली. "वाचता येत नाही मला."

आम्ही निघालो. दारापर्यंत येऊन तिने सोललेल्या घेवड्याचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "घे तौरिनो. आणि घरी गेल्यावर अर्धा तिला दे."

"ती इथेच उभी आहे ताई."

"दिसतंय मला."

पुढचे काही दिवस आम्ही बाकीचे प्रसंग करत होतो. आजीची जागा रिकामीच. इदालियाने दुसऱ्या कोणाला विचारू का म्हटलं, तर मावशी म्हणाली, "थांब जरा." एका दुपारी घोंगडी बाजूला झाली आणि मेन्चाताई आत आली.

"मका बघायला आले," ती म्हणाली. "कीड लागली म्हणत होते."

कोणी तसं म्हणत नव्हतं. मावशीने एक कणीस काढून तिच्या हातात दिलं. मेन्चाताईने ते नीट उलटसुलट पाहिलं, परत जागेवर ठेवलं आणि माइकसमोरच्या स्टुलावर बसली.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्य कोणीतरी तिला आधी सांगायला हवं होतं. ते मावशीने केलं. ती बहिणीच्या मागे गुडघ्यावर बसायची, तिच्या कानाशी तोंड न्यायची आणि कुजबुजायची. तीन कर्ण्यांची बाई कुजबुजत होती. मग मेन्चाताई ते वाक्य आपल्या आवाजात म्हणायची, आणि खोलीत तोमासाआजी आल्यासारखी वाटायची. वुल्फ्रानो आपली पाळी नसतानाही दाराशी येऊन बसू लागला. त्याने काही बोलून दाखवलं नाही, फक्त टोपी काढून मांडीवर ठेवायचा.

शेवटच्या प्रसंगात मुलीला आजीचं जनावर सापडतं. ती एक म्हातारी हरिणी असते, डोंगराच्या मालकाच्या गोठ्यात. पण तिला परत आणता येत नाही, तिची वेळ झालेली असते. मुलगी घरी येते आणि आजी तिचा निरोप घेते. मावशीने ते वाक्य कानात सांगितलं. मेन्चाताईने नाही अशी मान हलवली.

"काय झालं?" इदालियाने विचारलं.

"हे कोण बोलतं असं? 'मी कायम तुझ्या काळजात राहीन.' मरणाऱ्या माणसाला एवढा दम असतो का?"

इदालिया हसली. "मलाही ते नको होतं ताई. आमच्या साहेबांना आवडलं. तुम्ही काय म्हणाल?"

मेन्चाताईने वळून बहिणीकडे पाहिलं. मग माइककडे तोंड करून म्हणाली, "कोंबड्या आत घे, बाळा. आणि रडू नकोस. तू रडलीस की माझी वाट निसरडी होते."

इदालियाने यंत्र थांबवलं. चित्रातल्या आजीचे ओठ एवढ्या लांब वाक्याला पुरतील इतका वेळ हलत नव्हते. तिने तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला, आणि आजी भिंतीकडे तोंड वळवते ती जागा शोधून काढली. तिथे वाक्याचा दुसरा भाग बसला, जणू त्यासाठीच ती वळली होती.

मावशीला सिनेमात काहीच उरलं नव्हतं. एक घुबड होतं, आजीच्या घराच्या छपरावर बसून तीनदा ओरडणारं. आमच्याकडे घुबड ओरडलं की घरातलं कोणीतरी जाणार असं समजतात, म्हणून तो आवाज द्यायला कोणी तयार नव्हतं.

"घुबड मी," मावशी म्हणाली.

"शोभतं," मेन्चाताई म्हणाली. आणि दोघी अशा हसायला लागल्या की आम्हाला काय करावं ते कळेना.

सिनेमा आम्ही बास्केटबॉलच्या मैदानात दाखवला. त्यावर पत्र्याचं छप्पर आहे, बाजूंना घोंगड्या आणि कॉफी वाळवायच्या चटया टांगून दुपारीच अंधार केला. सगळा गाव आला. शेजारच्या गावांतलेही काही आले. आमच्या बँडने आधी वाजवलं. मग पडद्यावर राख पसरली, वारा सुटला, आणि लोक चित्रांशी बोलू लागले. "अगं, दार लाव आधी," असं एक म्हातारी सिनेमातल्या आईला सांगत होती. कोल्हा आला की पोरं मला चपला मारायची. वुल्फ्रानोचा डोंगराचा मालक गरजला तेव्हा त्याचीच बायको दचकली आणि म्हणाली, "घरी असा कधी बोलत नाही हो हा."

मी वाजवून झाल्यावर स्पीकरच्या अगदी जवळ बसलो होतो, म्हणून मला ते ऐकू आलं. आजी बोलायच्या आधी दर वेळी एक बारीक सळसळ यायची, वाळलेल्या पानांवरून काहीतरी गेल्यासारखी. नीट कान दिला तेव्हा कळलं. ती मावशीची कुजबुज होती. इदालियाला ती काढून टाकता आली असती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने बोट ओठांवर ठेवलं.

आजी गेली. मैदानात इकडून तिकडून नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. वुल्फ्रानो टोपीत तोंड घालून बसला होता. मधल्या रांगेतून मेन्चाताई म्हणाली, "काय रडता एवढं. मी इथे बसलेय ना." तिच्या शेजारी मावशी बसली होती. ती मात्र रडतच राहिली, अगदी मनापासून आणि चांगली मोठ्याने. तिला रडणं तरी हळू कसं जमणार.

त्या वर्षी मृतांच्या दिवसांत आईच्या वेद्या दोनच राहिल्या. दोघींपैकी कोणी माघार घेतली नाही. पण मेन्चाताई तामालांची टोपली घेऊन वर आली, त्या उंच पायऱ्या चढून, आणि मावशी गरम पाव घेऊन खाली गेली. "आई दोन्हीकडे जेवेल," मावशी म्हणाली. "शेवटी शेवटी काही खात नव्हती. आता भूक लागली असेल."

यानंतर मावशीला नवीनच नाद लागला. इदालियाला नोकरीवर परत जावं लागलं, पण जाताना तिने यंत्र कसं चालवायचं ते मावशीला आणि आरासेलीला शिकवलं होतं. शेजारच्या गावांतून निरोप येऊ लागले, आम्हालाही दाखवा. मावशी पावाच्या टोपल्यांबरोबर यंत्र ट्रकमध्ये घालून निघायची. ओझं उचलायला म्हणून मला ओढून न्यायची. डोंगरापलीकडच्या सोलागा नावाच्या गावी पहिल्यांदा सिनेमा लावला तेव्हा अर्ध्यातच एक म्हातारे आजोबा उठून उभे राहिले.

"बाई, बंद कर ते," ते म्हणाले. "तुमच्याकडे हरिणीला जे म्हणतात ती आमच्याकडे शिवी आहे. पोरीबाळी बसल्यात इथे."

मावशीने बंद केलं. मला वाटलं आता भांडण जुंपणार. बोली एकच असली तरी प्रत्येक डोंगरामागे शब्द बदलतात, आणि कोणाचा शब्द खरा यावरून आमच्याकडे लग्नं मोडलीत. पण मावशी आजोबांपुढे जाऊन बसली. "मग तुम्ही काय म्हणता हरिणीला?"

आजोबांनी सांगितलं.

"आणि आजी नातीला 'बाळा' कसं म्हणते?"

तेही सांगितलं. आजूबाजूच्या बायका दुरुस्त्या करू लागल्या. एकीने आपल्या आजीची नक्कल करून दाखवली, दुसरीने तिची नक्कल चुकीची ठरवली. मावशी ऐकत राहिली. शेवटी ती उठून म्हणाली, "असं करा. माझा सिनेमा राहू दे. तुमचा तुम्ही करा. मक्याची खोली कोणाकडे आहे?"

तिने परतीचा ट्रक चुकवला आणि पाहुणी म्हणून तिथेच राहिली. मला एकट्याला रिकाम्या टोपल्या घेऊन घरी पाठवलं. तेवढे दिवस आमच्या गावात कर्ण्यावर मेन्चाताई बसली. लोकांना काही ऐकू आलं नाही. सगळे आपापली कामं सोडून कचेरीत येऊन विचारायचे, "ताई, काय म्हणालात?" आणि ती प्रत्येकाला परत सांगायची. कचेरीत इतकी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती.

आता आमच्या डोंगरात तो सिनेमा तीन गावांच्या तीन बोलींत आहे. चौथ्या गावात काम चालू आहे. तिथे आजी कोणी व्हायचं यावरून दोन जावांचं वाजलंय, आणि मावशी ते मिटवायला येऊन-जाऊन असते.

सोलागाचा सिनेमा तयार झाला तेव्हा त्यांनी आम्हाला मानाने बोलावलं. पुढच्या रांगेत बसवलं, प्यायला गरम चॉकलेट दिलं, मावशीच्या गळ्यात फुलांची माळ घातली. ते उठून उभे राहिलेले आजोबाच त्यांचे डोंगराचे मालक झाले होते, आणि चांगले झाले होते. मावशी शेवटपर्यंत टक लावून पाहत होती. काही शब्द तिला कळले नाहीत, ते ती शेजारच्या बाईला विचारून घेत होती. दिवे लागले तशी टाळ्या वाजवायला तीच पहिली उठली.

परतताना ट्रकच्या मागे पावाच्या टोपल्यांच्या मध्ये आम्ही बसलो होतो. मी विचारलं, "कसा वाटला?"

"फार छान केलाय," ती म्हणाली. ट्रकच्या आवाजावर मात करायला तिला मुळीच जोर लावावा लागत नव्हता. "कोल्हा तर तुझ्यापेक्षा बरा आहे." मग तिने गळ्यातली माळ काढून टोपलीवर ठेवली. "आजी मात्र आमचीच."